शाळांच्या दुर्बिणींचे आरसे जुळवा

प्रति,
माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

महोदय,

पावसाळा ओसरून आकाश निवळू लागले की आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांच्या बातम्या वृत्तपत्रांतून येऊ लागतात, आणि त्यांच्याच जोडीने एखाद्या माजी विद्यार्थ्याने, उद्योजकाने किंवा लोकप्रतिनिधीने शाळेला दुर्बीण भेट दिल्याच्या बातम्याही येतात. छायाचित्रात पाहुणे असतात, मुख्याध्यापक असतात आणि मधोमध हार घातलेली पांढरी नळी असते. त्या नळीचे पुढे वर्षभरात काय झाले याची बातमी मात्र कधी होत नाही, म्हणून हे पत्र. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून मी आसपासच्या तालुक्यांतील शाळांच्या दुर्बिणी पाहत आणि जमेल तशा जुळवून देत आलो आहे. त्यांतील बऱ्याच मला प्रयोगशाळेच्या कपाटावर, कापडात गुंडाळून आडव्या ठेवलेल्या अवस्थेत भेटल्या, आणि ‘दुर्बीण हलकी निघाली, काही दिसत नाही’ हे वाक्य जवळजवळ सगळीकडे ऐकायला मिळाले. माझे म्हणणे एवढेच आहे की यांतील बहुतेक दुर्बिणींत बिघाड असा काही नसतो. त्यांचे दोन आरसे एकमेकांशी जुळलेले नसतात, आणि ते जुळवण्याचे काम शाळेतलाच एखादा शिक्षक नववी-दहावीच्या दोन मुलांना हाताशी घेऊन तासाभरात करू शकतो.

शाळांना मिळणारी परावर्ती दुर्बीण बहुधा आयझॅक न्यूटन यांनी १६६८ मध्ये बनवलेल्या दुर्बिणीच्या रचनेची असते. नळीच्या तळाशी अंतर्वक्र मुख्य आरसा असतो. ताऱ्याचा प्रकाश उघड्या तोंडातून आत येऊन त्या आरशावर पडतो आणि गोळा होत पुन्हा तोंडाच्या दिशेने येतो. वाटेत, चार पातळ पात्यांच्या आधारावर, ४५ अंशांत कललेला एक लहान सपाट आरसा असतो, जो हा प्रकाश नळीच्या बाजूला वळवतो, आणि तेथे बसवलेल्या आयपीसमधून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातून, आपण पाहतो. मुख्य आरशाच्या मागे तीन स्क्रू असतात, लहान आरशाच्या पाठीवरही तीन असतात. हे सहा स्क्रू निर्मात्याने शोभेसाठी दिलेले नसतात. कारखान्यातून निघालेली नळी ट्रकमधून, गोदामातून, पुढे एसटीच्या टपावरून किंवा जीपने घाटातून येते, आणि शाळेच्या दारात पोहोचेपर्यंत दोन्ही आरसे आपापल्या जागेवरून थोडे कललेले असतात. त्यात कोणाचा विशेष दोष नाही. मैफलीला बसण्यापूर्वी तंबोरा जुळवतात तसे हे आहे. तारा उतरल्या म्हणून तंबोरा टाकाऊ ठरवून कोणी माळ्यावर टाकत नाही.

हा दोष लक्षात का येत नाही, याचे उत्तर चंद्रापाशी आहे. दुर्बीण आली की पहिल्या संध्याकाळी सगळे चंद्र पाहतात, तोही कमी विशालनाच्या आयपीसमधून, आणि आरसे बऱ्यापैकी चुकलेले असले तरी चंद्राची विवरे इतकी ठसठशीत असतात की पाहणारा खूश होतो. मग कोणीतरी गुरूकडे वळतो, जास्त विशालनाचे आयपीस लावतो, आणि पट्ट्यांऐवजी एका बाजूला पिसारा फुटलेला पांढुरका ठिपका दिसतो. शनीचे कडे त्याच्या बिंबापासून सुटे दिसत नाही. आदल्या दिवशी चंद्र इतका छान दिसला होता, म्हणजे आरसे ठीक असणार, असे गृहीत धरून दोष आयपीसवर, हवेवर किंवा देणगीदाराच्या कंजूषपणावर टाकला जातो.

प्रत्यक्षात काय घडते ते आकड्यांत सांगतो, कारण आकडे पाहिल्याशिवाय या कामातील नाजूकपणाही कळत नाही आणि सोपेपणाही कळत नाही. मुख्य आरसा अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराचा असतो. असा आरसा फक्त स्वतःच्या अक्षावरून येणारा प्रकाश निर्दोषपणे एका बिंदूत आणतो. अक्षापासून बाजूला गेले की ताऱ्याच्या ठिपक्याला शेपूट फुटते, ज्याला कोमा म्हणतात. अक्षाच्या भोवतीचे जे छोटे वर्तुळ या दोषापासून व्यवहारात मुक्त असते, त्याचा व्यास आरशाच्या नाभीय गुणोत्तराच्या, म्हणजे नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास या आकड्याच्या, घनाप्रमाणे बदलतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असेल, म्हणजे गुणोत्तर एफ/८ असेल, तर हे वर्तुळ सुमारे ११ मिलिमीटरचे असते. त्याच व्यासाच्या आरशाचे नाभीय अंतर ७५० मिलिमीटर केले, म्हणजे गुणोत्तर एफ/५ झाले, की ते वर्तुळ पावणेतीन मिलिमीटरवर येते, आणि एफ/४ ला दीड मिलिमीटरही उरत नाही. आरसे जुळवणे म्हणजे हे छोटेसे निर्दोष वर्तुळ आयपीसच्या बरोबर मध्यावर आणून ठेवणे.

आता मागचा एक स्क्रू पाव फेरा फिरला असे समजा. त्याच्या आट्यांमधील अंतर एक मिलिमीटर धरले आणि तो उरलेल्या दोन स्क्रूंना जोडणाऱ्या रेषेपासून १०० मिलिमीटरवर असला, तर आरसा चारशेस एक इतका कलतो. एवढ्या कलाने एफ/५ च्या त्या दुर्बिणीत अक्ष नाभीपाशी जवळजवळ १.९ मिलिमीटर सरकतो. निर्दोष वर्तुळाची त्रिज्या तर १.४ मिलिमीटरच आहे, म्हणजे आयपीसचा मध्य त्या वर्तुळाच्या बाहेर गेला. एफ/८ मध्ये तोच पाव फेरा अक्षाला ३ मिलिमीटर सरकवतो, पण तेथे त्रिज्या साडेपाच मिलिमीटरची असल्यामुळे प्रतिमा अजून सुस्थितीत असते.

एवढ्यावरून शाळेसाठी कोणती दुर्बीण घ्यावी याविषयीचे माझे मत आपोआप स्पष्ट होते. आखूड, आटोपशीर, एफ/५ किंवा त्याहून कमी गुणोत्तराच्या दुर्बिणी दिसायला देखण्या असतात, गाडीत मावतात आणि जाहिरातीत त्यांचाच फोटो असतो. ज्याच्या हाताला जुळवण्याची सवय आहे, त्याने त्या जरूर घ्याव्यात. परंतु जेथे वर्षातून चार-सहा वेळाच दुर्बीण बाहेर निघणार आहे आणि दर वेळी ती हाताळणारे हात वेगळे असणार आहेत, तेथे लांब नळीची एफ/८ दुर्बीण, जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर लोकांना आकाश दाखवताना रूढ केली तशा साध्या लाकडी बैठकीवर बसवलेली, कितीतरी अधिक क्षमाशील ठरते. खोक्यावर छापलेल्या ‘५०० पट’, ‘६०० पट’ अशा आकड्यांना तर कोणी भुलूच नये. १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला आपल्या हवेत दोनशे-अडीचशे पटींच्या वर क्वचितच काही लाभते, आणि आरसे चुकलेले असतील तर शंभर पटींतच तिचे पितळ उघडे पडते.

येथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण ‘आरशात दोष’ या एका शब्दप्रयोगाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. आरशाचा आकारच चुकीचा घासला गेला असेल, तर कोणताही स्क्रू तो सुधारू शकत नाही. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता. आरसे हलवून पाहण्याने त्यात फरक पडणे शक्य नव्हते, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन सुधारक प्रकाशिकी बसवली तेव्हाच ती दुर्बीण स्पष्ट पाहू लागली. याउलट जेम्स वेब दुर्बिणीचे आरसे घडवण्यात उत्तम होते, पण ती घडी घालून अग्निबाणावर चढवावी लागली आणि २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेली. तिचा ६.५ मीटरचा मुख्य आरसा अठरा षटकोनी तुकड्यांचा आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत तिने सप्तर्षीतील एका ताऱ्याकडे पाहिले, तेव्हा तो एकच तारा अठरा ठिकाणी, अठरा अस्ताव्यस्त ठिपक्यांच्या रूपात उमटला. तेव्हा आरसा वाईट निघाला असे कोणी म्हटले नाही. मुख्य आरशाच्या तुकड्यांमागील आणि दुय्यम आरशामागील मिळून १३२ सूक्ष्म मोटरींनी एकेक तुकडा हलवत, अठरा ठिपक्यांचा एक ठिपका करत, ते काम एप्रिलअखेरीस पूर्ण झाले आणि त्यानंतरच जुलैमध्ये जगाने ती छायाचित्रे पाहिली. आपल्या शाळेतील दुर्बीण बव्हंशी वेबच्या प्रकारात मोडते, हबलच्या नव्हे. आणि तिला १३२ मोटरी नाहीत, सहाच स्क्रू आहेत.

विल्यम हर्शेल यांनी १७८९ मध्ये पूर्ण केलेल्या चाळीस फुटी दुर्बिणीत तर दुसरा आरसाच ठेवला नाही. त्या काळच्या धातूच्या आरशांवर प्रकाश इतका वाया जात असे की त्यांनी मुख्य आरसाच जरा तिरपा बसवून नळीच्या तोंडाशी, कडेला उभे राहून पाहणे पसंत केले. दुसऱ्या आरशाची कटकट मिटली, पण कललेल्या आरशाचे दोष पदरात आले. अशी तडजोड मोठ्या लांबीच्या नळीलाच परवडते. आपल्याला दोन आरसे आहेत, तेव्हा दोन्ही जुळवण्यावाचून गत्यंतर नाही.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. सर्वांत आधी मुख्य आरशाच्या बरोबर मध्यावर एक खूण हवी. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच आरशांवर ती असते. नसेल तर फाईलच्या कागदांच्या भोकांना लावतात तसे कागदी चिकट कडे, कागदी साच्याने मध्य काढून, एकदाच लावावे. आरशाला डाग पडेल या भीतीने शिक्षक याला नकार देतात. परंतु आरशाचा तो मध्यभाग लहान आरशाच्या सावलीतच असतो, तेथे ताऱ्याचा प्रकाश पोहोचतच नाही, म्हणून त्या खुणेने प्रतिमेचे तिळमात्र नुकसान होत नाही. दुसरी वस्तू म्हणजे आयपीसच्या जागी बसणारी आणि बरोबर मध्ये बारीक भोक असलेली टोपी. पूर्वी फोटोच्या रोलची प्लॅस्टिकची डबी सव्वा इंची नळीत चपखल बसत असे. आता ती डबी दुर्मीळ झाली, तरी कोणत्याही योग्य मापाच्या झाकणाला मध्यावर भोक पाडून काम भागते. याहून चांगले साधन म्हणजे चेशायर: मध्ये भोक, आत ४५ अंशांत कललेली चकचकीत पट्टी आणि बाजूला प्रकाश येण्यासाठी खिडकी, एवढीच त्याची रचना. त्यात बॅटरी नाही, बिघडण्यासारखे काही नाही, आणि ते वर्षानुवर्षे टिकते.

काम दिवसाउजेडी, नळी आडवी ठेवून करावे. आडवी यासाठी की लहान आरशाचा स्क्रू किंवा हातातील पाना निसटला, तर तो मुख्य आरशावर पडता कामा नये. क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा केला की गोंधळ होतो: आधी लहान आरशाची जागा, मग त्याचा कल, आणि शेवटी मुख्य आरसा. जागा पाहताना लहान आरशातील प्रतिबिंबांची गर्दी डोळ्याला फसवते, म्हणून एक साधी युक्ती करावी. लहान आरशाच्या पाठीमागे, नळीच्या आतल्या भिंतीला एका रंगाचा कागद लावावा, आणि लहान आरसा व मुख्य आरसा यांच्या मधोमध दुसऱ्या रंगाचा कागद आडवा धरावा. प्रतिबिंबे नाहीशी होतात आणि भोकातून पाहणाऱ्याला फक्त लहान आरशाची कड दिसते. ती कड पूर्ण गोल आणि फोकसरच्या (आयपीस बसवण्याच्या, पुढेमागे सरकणाऱ्या) नळीशी समकेंद्री दिसली पाहिजे. लांबट दिसली तर आरसा आपल्या दांड्याभोवती फिरला आहे. तळाकडे किंवा तोंडाकडे सरकलेली दिसली तर मधला मोठा स्क्रू वापरून तो नळीच्या लांबीच्या दिशेने सरकवावा. ही पायरी एकदा नीट झाली की ती सहसा पुन्हा करावी लागत नाही.

मग मधला कागद काढावा आणि लहान आरशाचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवत मुख्य आरशावरील खूण चेशायरच्या भोकातून पाहताना दृष्टीच्या बरोबर मध्यावर आणावी. एक सैल केला की दुसरा आवळायचा. तिन्ही एकदम सैल केले तर आरसा लोंबकळतो. शेवटी मुख्य आरशाच्या मागील स्क्रूंची पाळी. चेशायरच्या उजळ पट्टीचे प्रतिबिंब, त्यातील काळ्या भोकासह, त्या कागदी कड्याच्या बरोबर मध्ये येईपर्यंत हे स्क्रू फिरवायचे. एकाने पाहायचे आणि दुसऱ्याने फिरवायचे, कारण बहुतेक नळ्या एवढ्या लांब असतात की पाहणाऱ्याचा हात मागच्या स्क्रूंपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच हे दोन मुलांचे काम आहे, आणि मुले ते शिक्षकांपेक्षा लवकर शिकतात असा माझा अनुभव आहे. काही दुर्बिणींत फिरवायच्या तीन स्क्रूंशेजारी घट्ट करण्याचे आणखी तीन स्क्रू असतात. ते आवळताना जुळलेला आरसा हमखास थोडा हलतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा पाहावे.

येथे नवखा माणूस एका ठिकाणी नक्की अडखळतो. सर्व काही जुळल्यावरही आखूड नळीच्या दुर्बिणीत लहान आरशाची काळी छाया मुख्य आरशाच्या प्रतिबिंबात किंचित एका बाजूला सरकलेली दिसते. आरसा ४५ अंशांत कललेला असल्यामुळे आणि प्रकाशाचा शंकू झपाट्याने निमुळता होत असल्यामुळे ती तशी दिसणे योग्यच असते. सगळी वर्तुळे एकात एक नीट बसलेली दिसावीत या हट्टापायी ती छाया मध्यावर आणू गेले, की जुळलेली दुर्बीण पुन्हा चुकते. महत्त्व छायेला नाही, मध्यावरील खुणेला आहे.

हल्ली लेझर लावून आरसे जुळवण्याची साधने सर्रास विकली जातात आणि देणगीदार ती कौतुकाने सोबत देतात. मी त्यांच्याविषयी फारसा उत्साही नाही. स्वस्त लेझरची नळीच पुष्कळदा वाकडी असते. ती फोकसरमध्ये जागच्या जागी फिरवून पाहिली असता मुख्य आरशावरील लाल ठिपका एका जागी न राहता वर्तुळ काढतो, आणि अशा लेझरने काळजीपूर्वक जुळवलेली दुर्बीण काळजीपूर्वक चुकवलेली असते. शिवाय लहान आरसा फोकसरच्या बरोबर खाली आहे की नाही, हे लेझर सांगू शकत नाही. शाळेत तर आणखी एक कारण आहे: परावर्तित झालेला किरण नळीच्या तोंडातून बाहेर येतो आणि तेथे वाकून पाहणारे मूल हमखास असते.

अंतिम परीक्षा रात्री, ताऱ्यावर. चांगल्या विशालनाचे आयपीस लावून तारा बरोबर मध्यावर घ्यावा आणि फोकस किंचित बिघडवावा. ठिपक्याच्या जागी एकात एक असलेली प्रकाशाची वलये दिसतात. ती समकेंद्री असतील तर आरसे जुळलेले आहेत, एका बाजूला दाटलेली असतील तर मागचा स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, फिरवायला हवा. कोणता स्क्रू कोणत्या बाजूचा, हे कळण्यासाठी दुसऱ्याने नळीच्या तोंडासमोर, त्या स्क्रूच्या बाजूने हात धरावा. त्या हाताची आकृती वलयांच्या चकतीत दिसते. प्रत्येक वेळी स्क्रू फिरवला की तारा मध्यावरून हटतो, त्याला पुन्हा मध्यावर आणूनच निर्णय करावा, नाहीतर दिसणारा कोमा आरशाचा की जागेचा हे समजत नाही.

परदेशी पुस्तिकांत यासाठी ध्रुवतारा घ्यावा असे छापलेले असते, कारण तो जवळजवळ हलत नाही. हा सल्ला उत्तरेकडील देशांत, जेथे ध्रुव आकाशात निम्म्याच्या वर असतो, तेथे उत्तम आहे. आपल्याकडे ध्रुवाची उंची गावाच्या अक्षांशाएवढी: पुण्यात साडेअठरा अंश, नागपुरात एकवीस, पणजीत जेमतेम साडेपंधरा. एवढ्या खालच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने पावणेतीन ते पावणेचार पट हवेतून येतो. वलये उकळत्या पाण्यासारखी थरथरतात आणि त्यांवरून काहीही ठरवता येत नाही. त्यापेक्षा आपल्या अक्षांशाने आपल्याला दिलेले दोन तारे वापरावेत. हिवाळ्यात रोहिणी आणि उन्हाळ्यात स्वाती महाराष्ट्राच्या जवळजवळ डोक्यावरून जातात. स्वाती तर मुंबईच्या अगदी माथ्यावरून. डॉब्सनच्या बैठकीवर दुर्बीण सरळ वर धरणे अवघड जाते, म्हणून तारा माथ्यावर येण्याआधी तासभर, तो सुमारे ७५ अंशांवर असताना हे काम करावे. मोटर नसलेल्या दुर्बिणीत तारा मिनिट-दीड मिनिटात दृष्टिक्षेत्र ओलांडून जातो हे खरे, पण हाताने नळी हलवत राहण्याची सवय कोणत्याही निरीक्षकाला लागतेच.

या परीक्षेत न बसणाऱ्या काही तक्रारी आरशांच्या जुळणीच्या नसतात, हेही सांगायला हवे. खोलीतून नुकतीच बाहेर आणलेली दुर्बीण पहिला अर्धा-पाऊण तास चांगली प्रतिमा देत नाही, कारण गरम आरशावरून हवा वर उठत असते. तारा त्रिकोणी दिसत असेल तर आरशाला धरणाऱ्या तीन पकडी जास्त आवळलेल्या आहेत. पकड आणि आरसा यांत कागद सरकेल एवढी फट हवी. कोकणातल्या शाळांत स्क्रू गंजतात आणि स्प्रिंगांचा जोर जातो, तेथे दर पावसाळ्यानंतर ते बदललेले बरे. आणि आरशावर धूळ दिसते म्हणून तो रुमालाने पुसण्याचा मोह कृपा करून कोणी करू नये. धुळीने प्रतिमेचे जे नुकसान होते, त्याच्या अनेक पट नुकसान त्या रुमालाने होते.

एवढे सोपे आहे तर शाळांत होत का नाही, असे कोणी विचारील. माझ्या मते याचे कारण अज्ञानापेक्षा जडवस्तू नोंदवहीत आहे. दुर्बीण त्या नोंदवहीत चढली की ती शाळेची मालमत्ता होते. तिचा स्क्रू फिरवून काही बिघडले तर जबाबदार कोण, हा प्रश्न शिक्षकाच्या हातापुढे उभा राहतो. विक्रेता सांगतो की कारखान्यातून जुळवूनच आलेली आहे, हात लावू नका. शिक्षक हात लावत नाही, आणि पुढच्या तपासणीत वस्तू जागेवर आहे एवढ्यावर सर्वांचे समाधान होते. शिक्षणाधिकारी कार्यालयांनी आणि संस्थाचालकांनी एका परिपत्रकाने हे स्पष्ट करावे की आरसे जुळवणे हा दुर्बिणीच्या वापराचाच भाग आहे आणि त्यासाठी शिक्षकाला कोणाची परवानगी लागत नाही. देणगीदारांनी पैसे देताना विक्रेत्याकडून शाळेच्या आवारात आरसे जुळवून दाखवण्याची अट घालावी आणि लेझरऐवजी एक चेशायर मागून घ्यावे. दुर्बिणीच्या खोक्यात मराठीत, आकृत्यांसह एक पान असावे. इंग्रजी पुस्तिकेतील छोट्या अक्षरांतील तो परिच्छेद आजवर किती शिक्षकांनी वाचला असेल, याचा मी अंदाज करू शकतो.

आपल्याकडे हे शिकवणारी माणसे नाहीत असेही नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे कार्यकर्ते वांगणीच्या रात्रींत शेकडो लोकांना आकाश दाखवत आले आहेत, आणि पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेने शिक्षकांकडून व हौशी मंडळींकडून हाताने आरसे घासून दुर्बिणी बनवून घेण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. ज्याने स्वतःच्या हाताने आरसा घासला आहे, त्याला तो जुळवण्याची भीती उरत नाही. या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील अशा मंडळांना माझी विनंती आहे की त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस असा ठेवावा, ज्या दिवशी परिसरातील शाळांनी आपापल्या दुर्बिणी उचलून आणाव्यात आणि जुळवून परत न्याव्यात. दुर्बिणीबरोबर शिक्षकच नव्हे तर दोन विद्यार्थीही आले पाहिजेत, अशी अट मात्र असावी.

सार्वजनिक आकाशदर्शनाच्या संयोजकांनाही एक सांगणे आहे. गाडीतून आलेली दुर्बीण थेट रांगेसमोर उभी करू नये. सूर्यास्तानंतर चेशायरला पुरेल एवढा संधिप्रकाश असतो, तेवढ्यात आरसे पाहून घ्यावेत, तोवर आरसाही थंड होतो. सूर्य क्षितिजाखाली जाईपर्यंत मात्र नळीचे तोंड पश्चिमेकडे करू नये, आणि झाकण काढलेल्या दुर्बिणीजवळ मुलांना एकटे सोडू नये.

आपण हे पत्र छापलेत तर उपकार होतील. जागेची अडचण असल्यास बाकी सर्व गाळून दुर्बीण जुळवण्याच्या कृतीचे परिच्छेद तेवढे छापावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक,
सातारा